अमोल मुझुमदारची गोष्ट आणि अमोल मुझुमदारचं काम

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या फोनवर एकच फोटो सात जणांकडून आला होता. शफालीचा नाही, दीप्तीचा नाही. हरमनप्रीत वाकून प्रशिक्षकाच्या पाया पडतेय, असा तो फोटो. खाली मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच: ज्याला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही, त्यानेच भारताला विश्वचषक मिळवून दिला. मग 'चक दे'चा उल्लेख आणि डोळ्यांत पाणी आलेला चेहरा.

इथे कुवेतमध्ये रविवार कामाचा दिवस असतो. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला, त्यामुळे पहिला डाव मी प्रयोगशाळेत, खिडकीला फोन टेकवून पाहिला आणि दुसरा घरी. इथल्या साडेनऊच्या सुमारास डी क्लर्कचा झेल हरमनप्रीतने घेतला. आनंद मलाही तुमच्याइतकाच झाला. पण त्या फोटोखालच्या मजकुराशी माझं भांडण आहे, आणि ते आनंद ओसरल्यावरच मांडावं म्हणून इतके दिवस थांबले.

ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य लढत. शारदाश्रमकडून सचिन आणि विनोद ६६४ धावांची भागीदारी करतात आणि पुढच्या क्रमांकाचा अमोल पॅड बांधून बसूनच राहतो. १९९४मध्ये मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात हरियाणाविरुद्ध २६०. पदार्पणातला तेव्हाचा विश्वविक्रम. पुढे प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतकं. पण भारताच्या मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. तिथे जागाच नाही. शेवटी आसाम, आंध्र, आणि २०१४मध्ये निवृत्ती.

गोष्ट खरीच आहे आणि सुंदरही आहे. पण तिच्यातून प्रशिक्षक म्हणून तो कसा आहे याबद्दल काहीच कळत नाही. उलट अकरा मुलींनी जिंकलेला चषक हा एका पुरुषाच्या राहून गेलेल्या कसोटी कारकिर्दीची भरपाई होऊन बसतो. वाट पाहण्याचाच हिशेब मांडायचा तर मग नीट मांडू. १९७३ साली पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली तेव्हा संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. महिला क्रिकेट मंडळाच्या छत्राखाली यायला २००६ उजाडलं. मिताली राज २००५चा अंतिम सामना हरली आणि २०१७चाही, दुसरा तर लॉर्ड्सवर फक्त नऊ धावांनी. त्या रात्री चषक मिताली आणि झूलन गोस्वामीच्या हातात देण्यात आला, तो फोटो मला एकानेही पाठवला नाही.

आणखी एक. आचरेकर सर आयुष्यात प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. आपण कधी त्यांची कणव केली? 'बिचारे, भारताकडून खेळायचं राहिलं' असं शिवाजी पार्कात कोणी म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सर म्हणजे यष्टीवर ठेवलेलं रुपयाचं नाणं, सचिनला या मैदानातून त्या मैदानात नेणारी स्कूटर, आणि मागून येणारी हाक. म्हणजे त्यांचं काम. मग त्यांच्याच विद्यार्थ्याला त्याच्या दुःखाने का मोजायचं?

सहसा श्रेय जिथे गोष्ट असते तिकडे वाहत जातं. चंद्रकांत पंडितांचं बघा, तेही सरांचेच शिष्य. विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक मिळवून दिले. २०२२मध्ये मध्य प्रदेशला पहिला करंडक मिळाला तेव्हा सगळ्यांनी पंडितांचंच नाव घेतलं, कारण १९९८-९९मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून त्याच चिन्नास्वामीवर ते अंतिम सामना हरले होते. गोष्ट जमली! पण २०२४मध्ये कोलकाता आयपीएल जिंकलं तेव्हाही मुख्य प्रशिक्षक पंडितच होते, आणि श्रेय जवळजवळ सगळं गंभीरला गेलं. गंभीर परत आला होता, तिथे त्याची गोष्ट होती. आणि २०२२च्या त्या रणजी अंतिम सामन्यात हरलेल्या मुंबईचा प्रशिक्षक कोण होता? मुझुमदार. तेव्हा मात्र पॅड बांधून बसलेल्या मुलाची आठवण फारशी कोणी काढली नाही.

माझ्याबरोबर इथे मेलबर्नचा एक सहकारी काम करतो. त्याला क्रिकेटपेक्षा त्यांच्याकडचा अंडाकृती चेंडूचा फुटबॉल प्रिय. तिथले चाहते प्रशिक्षकाला ज्या तऱ्हेने धारेवर धरतात ते ऐकताना मला आपल्या भाबडेपणाची लाज वाटते. प्रशिक्षक वर काचेच्या खोलीत बसतो, बाकावर फोन करतो, त्याचा निरोप घेऊन माणूस मैदानात धावतो. त्यामुळे चाहत्याला नेमकं बोलता येतं: तिसऱ्या पावात अमक्याला मागे का नेलं, तमक्याला बाहेर इतका वेळ का बसवलं. ॲलिस्टर क्लार्कसनने हॉथॉर्नला २००८ आणि मग २०१३ ते २०१५ अशी चार विजेतेपदं मिळवून दिली. माझा सहकारी त्याच्याबद्दल तासभर बोलतो आणि त्यात क्लार्कसन स्वतः कसा खेळायचा हे एकदाही येत नाही. येतात ते फक्त निर्णय.

तर मुझुमदारचे निर्णय बघू.

ऑक्टोबर २०२३मध्ये तो आला तेव्हा मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची रमेश पोवारनंतर जवळजवळ दहा महिने रिकामी होती. त्याआधी २०१८मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मितालीला बाहेर ठेवण्यावरून पोवार आणि तिच्यात जाहीर भांडण झालं होतं. पोवार गेले, रामन आले, पुन्हा पोवार आले. अशा घरात मुझुमदारने पहिलं केलेलं काम म्हणजे आवाज खाली आणणं. त्याला मी फार मोठं मानते, कारण हे काम दिसत नाही. २०२४चा टी-ट्वेंटी विश्वचषक आखातातच, शारजा-दुबईत झाला आणि आपण उपांत्य फेरीतही गेलो नाही. तेव्हाही ना प्रशिक्षक गेला ना कर्णधार. पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये जाऊन टी-ट्वेंटी आणि एकदिवसीय दोन्ही मालिका जिंकल्या.

आता विश्वचषक. इथे मी त्याला पूर्ण गुण देणार नाही. सुरुवातीचे सामने पाचच गोलंदाज घेऊन खेळण्याचा हट्ट चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे विशाखापट्टणमला दोनदा दिसलं. आधी दक्षिण आफ्रिकेच्या डी क्लर्कने नाबाद ८४ करून सामना नेला, मग १२ ऑक्टोबरला ३३० धावा करूनही आपण ऑस्ट्रेलियाला रोखू शकलो नाही. हीलीने १४२ ठोकल्या. यावर उपाय म्हणून इंदूरला इंग्लंडविरुद्ध रेणुकाला घेतलं आणि जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं. तो सामना आपण चार गडी शिल्लक असताना चार धावांनी हरलो. लागोपाठ तिसरा पराभव. खैरानच्या एका शालेत, म्हणजे इथल्या समुद्रकाठच्या सुट्टीच्या घरात, पुढच्या शुक्रवारी आम्ही चार मराठी कुटुंबं जमलो होतो, तिथेही वाद पेटलाच. सांगलीचे एक काका माझं म्हणणं ऐकूनच घेईनात. "अगं, चार डावांत दोन शून्यं, एक बत्तीस, एक तेहतीस. तूच सांग, कशासाठी ठेवायची?" काका स्मृतीच्या गावचे, त्यामुळे स्मृती सोडून बाकी सगळ्यांवर त्यांचा हात सैल सुटतो.

आकडे काकांच्या बाजूनेच होते. पण तोवर मुझुमदारने जे करायचं ते केलेलं होतं आणि माझ्या मते या दोन वर्षांतला त्याचा सर्वांत मोठा निर्णय तोच. आदल्याच दिवशी न्यूझीलंडविरुद्ध त्याने जेमिमाला नुसतं परत घेतलं नव्हतं, तर पाचव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर पाठवलं होतं. विचार करा. चुकलेला प्रशिक्षक सहसा खेळाडूला गुपचूप जुन्या जागी ठेवतो, म्हणजे कोणाचंच काही गेलं नाही असं दिसतं. याने वगळलेल्या मुलीला बढती दिली. स्मृती आणि प्रतिकाच्या शतकांनंतर येऊन तिने नाबाद ७६ केल्या. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८चा पाठलाग करताना हरलीन देओल संघाबाहेर आणि पुन्हा जेमिमाच तिसरी. मैदानात उतरण्याच्या पाचेक मिनिटं आधी तिला ते कळलं, असं तिने नंतर सांगितलं. नाबाद १२७. दोन झेल सुटले, हेही सांगायला हवं. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांतला तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग.

पाच मिनिटं आधी सांगणं ही हुशारी की ऐनवेळची धावपळ, यावर मला मत द्यायचा मोह होतो. पण आमच्या धंद्यात एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणाऱ्याला हसतात. जेमिमासारख्या मुलीला, जी आधीच्या रात्रीपासून डोक्यात सामना खेळत बसते, कदाचित ते पथ्यावर पडलं असेल. प्रत्येकीला पडेल असं नाही.

शफालीचं आणखी वेगळं. ती मूळ संघातच नव्हती. प्रतिका रावलचा घोटा बांगलादेशविरुद्ध दुखावला नसता तर ती अंतिम सामना टीव्हीवर पाहत असती. प्रतिकाने स्पर्धेत तीनशेच्या वर धावा केल्या होत्या आणि शेवटी चाकाच्या खुर्चीत बसून ती जल्लोषात सामील झाली. म्हणजे शफालीच्या ८७ धावांत निवडीच्या दूरदृष्टीचा भाग नाही, नशिबाचा आहे. आणि तिच्या हाती चेंडू देण्याचा जुगार? तो हरमनप्रीतचा. ल्यूस आणि काप या दोघींना शफालीने पाठोपाठच्या षटकांत बाद केलं. हे श्रेय पॅव्हेलियनमध्ये बसलेल्या माणसाकडे सरकवण्याचा प्रयत्न मी वाचला, आणि तो मला पटला नाही. कर्णधाराने मैदानात, त्या क्षणी, मनात आलं म्हणून केलेली ती गोष्ट आहे. हरमनप्रीतवर आपण वर्षानुवर्षं डावपेचांत कमी म्हणून टीका केली, मीही केली आहे. तेव्हा जमेची बाजूही तिच्याच खात्यावर लिहू या.

मुझुमदारच्या खात्यावर काय उरतं? बरंच उरतं. तीन पराभवांनंतर संघ मोडला नाही. हे त्याला नवीन नव्हतं. २००६-०७मध्ये त्याच्या कप्तानीखाली मुंबईने पहिले तीन रणजी सामने गमावले होते, बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तर शून्यावर पाच गडी बाद अशी अवस्था होती, आणि तरी करंडक मुंबईनेच नेला. त्याच्या आयुष्यातला कोणता भाग या विश्वचषकात कामी आला असं विचारलंत तर मी ६६४च्या भागीदारीकडे नाही, या मोसमाकडे बोट दाखवीन. त्यावर मात्र मला एकही फोटो आला नाही.

मला ही पॅडवाली गोष्ट इतकी का खुपते, हेही सांगून टाकते. मी पोस्टडॉक आहे, तिशी अर्धी उलटली. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या पडद्यांवर काम करते, करार वर्षावर्षाने वाढतो. पोस्टडॉक म्हणजे पॅड बांधून बसलेलाच माणूस. त्या सात फोटोंपैकी तीन नातेवाइकांचे होते आणि खाली जास्तीची ओळ होती: बघ, तुझंही होईल. माया आहे त्यात, कळतं. पण मुझुमदारला खेळायला मिळायला हवं होतं की नाही हा निवड समितीचा प्रश्न होता आणि तो चषकाने मिटत नाही. वीस वर्षांनी दुसरंच काही चांगलं झालं म्हणून आधीचं बरोबर ठरत नाही. ज्यांच्या निर्णयांमुळे वाट पाहावी लागते त्यांना या गोष्टीत फुकटची माफी मिळते.

काकांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, लोकांना चार घटका आनंद होतो तर होऊ द्यावा. त्यांच्याशी माझा आता दुसराच वाद चालू आहे आणि त्यात आम्ही दोघं चक्क एका बाजूला निघालो. अंतिम सामन्यात स्नेह राणाला बसवून राधा यादवला खेळवलं. कांदिवलीची राधा क्षेत्ररक्षणात बिजली आहे, बांगलादेशविरुद्ध तिने बळीही घेतले होते, पण त्या संघात श्री चरणी हा डावखुरा फिरकीचा पर्याय आधीच होता. वोल्व्हार्ट जमलेली असताना राधाची षटकं महाग गेली, आणि नियमित ऑफस्पिनर म्हणून एकटी दीप्ती उरली. दीप्तीने ५ बळी घेतले म्हणून हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुढच्या मालिकेत स्नेहला आधी घेतात की राधाला, ते आम्ही दोघंही बघणार आहोत.