हादऱ्यातला ‘र’ कुठे गेला?

आज एका छोट्या लायब्ररीचं परीक्षण करायचं आहे. छोटी म्हणजे तिची मजकूर एकसारखा करणारी फाइल तुम्ही चहा संपेपर्यंत वाचून काढाल, एवढी.

आधी पार्श्वभूमी. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपास लोक रात्री घराबाहेर झोपू लागले. अशा वेळी मोबाइलवरचा मेसेज ही फार कामाची वस्तू असते. हादरा किती वाजता बसला, कुठे बसला, ॲम्ब्युलन्स निघाली का? समजा, या भागासाठी आपण एक संदेशसेवा उभारतोय. जुने मेसेज शोधता आले पाहिजेत. मग अडचण काय?

अडचण ‘हादऱ्या’ या शब्दातच आहे. हा शब्द दोन तऱ्हेने टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ, हलन्त, य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडक, आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं स्वतःचं एकरूपीकरण आहे, एनएफसी नावाचं. ते र आणि नुक्ता जोडून ऱ करतं, पण हा जोडकवाला प्रकार तसाच सोडून देतं. म्हणून माणूस लायब्ररी शोधतो, आणि भारतीय भाषांसाठी बहुधा अनुप कुंचुकुट्टन यांच्या ‘इंडिक एनएलपी लायब्ररी’पाशी पोचतो. पायथॉनमधली, मुक्त परवान्याची, देवनागरीसकट गुजराती वगैरे लिप्या सांभाळणारी. डहाणूसारख्या सीमेवरच्या गावाला मराठी आणि गुजराती दोन्ही हव्यातच.

आता तक्रारी. तीन आहेत.

पहिली. ही लायब्ररी अदृश्य जोडक सरळ पुसून टाकते. त्याच्या मागे काय होतं ते बघत नाही. परिणाम? जोडक घालून लिहिलेलं ‘हादऱ्यांची’ होतं ‘हादर्यांची’. आणि ‘दऱ्या’ होतं ‘दर्या’. डहाणूच्या किनाऱ्यावर दर्या आहे, तलासरीकडे डोंगर-दऱ्या आहेत. दोन्हीकडच्या माणसाला हा फरक कळतो, लायब्ररीला कळत नाही. शिवाय ज्यासाठी ती आणली ते कामही झालं नाही. दोन रूपं होती, ती अजूनही दोनच आहेत, फक्त त्यातलं एक आता चुकीचं आहे.

दुसरी. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीपासून लोक अ, जोडक आणि चंद्र असं लिहीत आले, अजूनही लिहितात. लायब्ररी काय करते? ॲ दिसला की त्याचा ए करते. म्हणजे ‘एम्ब्युलन्स’. अ आणि चंद्र असं लिहिलेलं मात्र जोडक गमावून तसंच राहतं. एकत्र आणायची ती रूपं तिने आणखी लांब नेली!

तिसरी सगळ्यात गमतीची, आणि सगळ्यात धोक्याची. देवनागरी चिन्हापुढे अपूर्णविराम आला की लायब्ररी त्याचा विसर्ग करते. ‘दुःख’ हा शब्द कुणी विसर्गाऐवजी दोन टिंबं देऊन लिहिला असेल तर उत्तम. पण देवनागरी अंकही त्याच पट्ट्यात येतात. त्यामुळे ‘रात्री ११:४०’ चं होतं ‘रात्री ११ः४०’. वेळ ओळखून मेसेज क्रमाने लावणारा प्रोग्राम तिथेच अडखळतो.

आता दोष द्यायचा कुणाला? लायब्ररी मुळात भाषासंशोधनासाठी, यांत्रिक भाषांतरासारख्या कामांसाठी झाली. तिथे पुढचा वाचक यंत्र असतं, आणि लाखो वाक्यांत एखादा ॲ हरवला तर चालून जातं. मेसेजच्या पुढच्या टोकाला माणूस असतो. तिथे तोच नियम म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यात हात घालणं. वारलीत कुणी लिहिलं असेल, तर काय शुद्ध आणि काय अशुद्ध हे ठरवणारे आपण कोण?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. लायब्ररी टाकू नका, पण तिला तिची जागा दाखवा. पाठवणाऱ्याने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा साठवा आणि तसाच दाखवा. एकरूप केलेली प्रत फक्त शोधासाठी ठेवा, आणि शोधणाऱ्याचा शब्दही त्याच चाळणीतून काढा. लायब्ररीला मजकूर देण्याआधी आपले दोन नियम लावा: र, हलन्त, जोडक दिसलं की ऱ आणि हलन्त, आणि अ नंतर चंद्र आला, मध्ये जोडक असो वा नसो, की ॲ. पुढे त्याचा ए झाला तरी सगळीकडे सारखाच होईल. वेळ मात्र मूळ मजकुरातूनच वाचा.

स्रोत खुला आहे, म्हणून हे सगळं आपल्याला दिसलं. दिसल्यावर दुरुस्ती सुचवणं हेही मराठी लिहिणाऱ्यांचंच काम. हिंदीवाला हे करणार नाही, कारण त्याच्या लिखाणात ‘हादऱ्या’तला र येतच नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.