वाचन राहतें, ठसा जातो
(विद्यापीठांतील संशोधन-सामग्रीच्या जतनाविषयीं)

नासिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा दानलेख आहे. त्यानें ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अक्षय ठेव म्हणून ठेविले. २००० शेंकडा एक व्याजानें व १००० शेंकडा पाऊण व्याजानें. मोठ्या ठेवीच्या व्याजांतून वर्षावासांतील वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे होते. हें व्याज दरमहाचें कीं दरसालचें, याचा निर्णय आंकडेच करितात. वीस भिक्षूंचे २४० कार्षापण होतात. आणि २००० वर दरमहा शेंकडा एक धरिल्यास वर्षाचे नेमके २४० येतात. लेखांत 'चीवरासाठीं दान दिलें' एवढाच सारांश कोरिला असता, तर हा ताळा आज कोणासही घेतां आला नसता.

हें दान निगमसभेंत ऐकविलें व रीतीप्रमाणें फलकवारांत, म्हणजे दप्तरांत, नोंदविलें, असेंही लेख सांगतो. ती सभा गेली, तें दप्तर गेलें, दगड राहिला. पुढें १८८३ च्या मुंबई गॅझेटियरच्या नासिक-खंडांत भगवानलाल इंद्रजी यांचें, व १९०५-०६ च्या एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत सेनार यांचें वाचन प्रसिद्ध झालें. दोन वाचनांत मतभेद आढळला, तर अभ्यासक ठसा पाहतो. त्यानें समाधान न झाल्यास लेणें चढतो. वाचन हें विद्वानाचें मत होय. त्याचा पुरावा ठशांत असतो.

या कसोटीस आपल्या विद्यापीठांची रीत लावून पाहावी, असें आम्हांस वाटतें. नासिकांत मुक्त विद्यापीठ १९८९ पासून व आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. परंतु आमची टीका कोणा एका संस्थेवर नसून सार्वत्रिक वहिवाटीवर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनीं प्रबंधाची संगणकीय प्रत देणें आवश्यक केलें, व असे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारांत कोणासही वाचावयास मिळतात. हें कार्य स्तुत्य आहे. मात्र तेथें राहतें तें वाचन. ज्यांवरून निष्कर्ष काढिले तीं पाहणीचीं टिपणें, मुलाखतींचीं ध्वनिमुद्रणें, मोजमापें, पोथ्यांचीं छायाचित्रें बहुधा संशोधकाच्या स्वतःच्या संगणकांतच राहतात. पदवी मिळते, मार्गदर्शक निवृत्त होतात, यंत्र मोडींत जातें. आणि प्रबंधांतील विधान तपासावयाचें झाल्यास चढण्यास लेणेंच उरत नाहीं.

'आम्ही नक्कल ठेविली आहे' हें उत्तरही पुष्कळदां पोकळ असतें. एकाच कपाटांतील दोन डिस्का म्हणजे दोन नकला नव्हेत. पंचवटींत एक प्रत व सराफ बाजारांत दुसरी ठेविली, तरी गोदावरीचा मोठा पूर दोहोंस एकदमच गांठतो. जेथें मुळांतील खोडतोड नकलेंत आपोआप उतरते, तेथें मूळ पुसलें कीं नक्कलही पुसली जाते. जपानांतील क्योतो विद्यापीठांत डिसेंबर २०२१ मध्यें नकला करणाऱ्या कार्यप्रणालीच्याच दोषानें सुमारें ७७ टेराबाइट सामग्री, म्हणजे ३ कोटी ४० लक्ष फाइली, पुसल्या गेल्या. चौदा संशोधक-गटांस त्याची झळ लागली व त्यांपैकीं चार गटांची सामग्री परत मिळण्याजोगी राहिली नाहीं. म्हणून तीन प्रती, दोन निराळ्या माध्यमांवर, त्यांतील एक परगांवीं, हा जाणत्यांचा नियम आहे; आणि आम्ही त्यास असें जोडूं कीं, तिन्ही प्रती पुसण्याचा अधिकार एका हातीं नसावा.

प्रत असून वाचतां न येणें ही तिसरी हानि होय. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं निरनिराळ्या खाजगी टंकांत लिहिलेला मराठी मजकूर, तो टंक नसल्यास, आज निरर्थक रोमन अक्षरांची रांग म्हणून समोर येतो. मोडी निदान शिकतां येते. येथें त्या त्या टंकाचा कोष्टकच हवा. पोथी जशी वर्षांतून एकदां उन्हांत घालून कसर पाहतात, तशी प्रत्येक फाइल उघडून, तिच्या अंकमुद्रेशीं पडताळून, जरूर तर नव्या रूपांत उतरली पाहिजे.

रोग्यांचीं माहितीपत्रकें उघड कशीं करावीं, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, पण जतन व प्रकाशन हीं भिन्न आहेत; मोहोरबंद दप्तरही दप्तरच असतें.

आमच्या वाचकांचा या प्रश्नाशीं निकटचा संबंध आहे. घरची पोथी विश्वासानें छायाचित्रासाठीं दिली व मागाहून ती वाळवीनें खाल्ली, तर तें छायाचित्र हेंच अस्सल ठरतें. तेव्हां पोथी देतांना तिची प्रत कोणत्या ग्रंथालयांत, किती ठिकाणीं व कोणाच्या जबाबदारीवर राहील, हें संग्राहकांनीं लेखी मागून घ्यावें; आणि विद्यापीठांनीं सामग्री जमा झाल्याची पावती पाहिल्यावांचून पदवी देऊं नये.