कार्बनची दोन कामं

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले बी. वैद्यनाथन आणि के. जे. राव यांनी १९९७ साली ‘केमिस्ट्री ऑफ मटेरिअल्स’मध्ये एक शोधनिबंध लिहिला. टायटॅनियम, गॅलियम, व्हॅनेडियम यांची नायट्राइडं मायक्रोवेव्हच्या मदतीने कशी बनवावीत, हा त्याचा विषय. टायटॅनियमपुरतं त्याचं सार एका ओळीत मावतं: टायटॅनियम डायऑक्साइडचे दोन भाग, कार्बनचे चार आणि नायट्रोजनचा एक, यातून टायटॅनियम नायट्राइडचे दोन भाग आणि कार्बन मोनॉक्साइडचे चार.

ही ओळ सावकाश वाचावी. ऑक्सिजन उठतो आणि त्याच्या जागी नायट्रोजन येतो, हे लगेच कळतं. खरं सौंदर्य कार्बनमध्ये आहे. आमच्याकडे हुरड्याच्या आगटीत कणीस बाहेरून भाजत जातं. साध्या भट्टीत भुकटीही तशीच कडेकडून तापते. मायक्रोवेव्हच्या लहरी मात्र भुकटीत शिरतात आणि कार्बन त्या शोषून स्वतःच पेटल्यासारखा तापतो. तोच कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो आणि वायू होऊन निघून जातो. एकाच पदाने दोन अर्थ वाहावेत, असा हा रसायनातला श्लेष आहे. मला तो फार आवडतो.

टायटॅनियम धातूच्याच कणावर नायट्राइडचा थर चढवताना गोष्ट बदलते. धातूचं भांडं या लहरी परतवतं, पण टायटॅनियममध्ये त्या साधारण सहा-सात मायक्रोमीटर शिरतात. कण तेवढा बारीक असला की त्याचं सगळं अंग तापतं. धातूची भुकटी अशी तापवून घट्ट जोडता येते, हे रुस्तुम रॉय आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं. नायट्रोजन मात्र या लहरी जवळपास शोषत नाही. कण तापलेला, वायू त्या मानाने थंड, आणि संयोग कणाच्या पृष्ठभागावर. तिथे सोनेरी, अतिकठीण साय धरते. ती जाड होऊ लागली की नायट्रोजनची आत जायची वाट अवघड होते आणि वेग मंदावतो.

एक उणीव या पद्धतीत राहतेच: लहरींच्या क्षेत्रात नेमकं तापमान मोजणं कठीण, आणि भुकटीत एखादी जागा भलतीच तापते.

आमच्या अहमदपूरच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना एक विनंती. टायटॅनियम डायऑक्साइडची ती ओळ फळ्यावर लिहा आणि दोन कामं कोण करतं, ते मुलांना शोधू द्या. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग कुणी करू नये. निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.