रानडुक्कर मारायची परवानगी आहे, पण नियम मोजतो काय?

मक्याचे दाणे दुधात आले की चोपड्याकडच्या आमच्या घरी रात्रीची झोप वाटून घेतात. अर्धी रात्र काका जागल करतात, अर्धी चुलतभाऊ. हाताशी बॅटरी, पत्र्याचा डबा आणि सुतळी बॉम्ब. तरी सकाळी चार-सहा ओळी आडव्या झालेल्या असतातच. डुक्कर खातं थोडं, मोडतं जास्त. मागच्या सुट्टीत काकांनी विचारलं, "तू एवढी शिकलीस, सांग बरं, डुक्कर मारायला कायद्यानं चालतं का नाही?"

चालतं, पण लेखी परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधलं कलम ११ उभ्या पिकालाही मालमत्ता मानतं. पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारण नमूद करून शिकारीची परवानगी देऊ शकतो. मारलेलं डुक्कर मात्र सरकारचं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे, तरी ही वाट बंद झालेली नाही. महाराष्ट्राने २०१५ साली नीलगाय आणि रानडुक्कर यांच्यासाठी शासन निर्णयही काढला.

आधी नियमाच्या बाजूने बोलते. दुसरा मार्ग कलम ६२ चा, म्हणजे केंद्राने प्राण्याला ठरावीक भागात उपद्रवी जाहीर करायचं. बिहारमध्ये २०१५ साली तसं झालं. त्यात दर वेळी परवानगी लागत नाही. आपल्याकडे ते नको, कारण रानडुक्कर इथलंच आहे. मुक्ताईनगरच्या वढोदा जंगलात वाघ आहे आणि डुक्कर हे त्याचं भक्ष्य आहे.

मग माझी तक्रार काय? हा नियम 'कोणी मारावं' एवढंच ठरवतो. 'मारल्याने नुकसान कमी झालं का' हे विचारतच नाही.

डुकराची मादी सुमारे ११५ दिवसांत विते आणि एका वेतात साधारण चार ते सहा पिल्लं होतात. २०११ मध्ये सबरीना सर्वांती आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या भरपूर शिकार होणाऱ्या डुकरांची तुलना इटलीतल्या कमी शिकार होणाऱ्या डुकरांशी केली. जिथे शिकार जास्त, तिथे माद्या लहान वयातच वितात आणि पिढी लवकर बदलते. म्हणजे एखाद-दुसरं डुक्कर टिपून संख्या कमी होईलच असं नाही.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात तर उलटाच नियम आहे. तिथल्या वन्यजीव विभागाने २०१६ पासून आपल्या ताब्यातल्या सरकारी जमिनींवर मोकाट डुकरांची शिकार बंद केली. गोळी झाडली की एक पडतं आणि उरलेला कळप पांगून नव्या शेतात शिरतो, हे त्यामागचं एक कारण. म्हणून ते मोठ्या पिंजऱ्यात अख्खा कळप एकदम धरतात. तिथलं डुक्कर बाहेरून आणलेलं, त्यांना ते संपवायचं आहे. आपल्याला संपवायचं नाही. पण कळप पांगण्याचा मुद्दा आपल्या केळीच्या बागांनाही लागू पडतो.

आपल्या कायद्यात 'शिकार' या शब्दात सापळा लावून पकडणंही येतं, म्हणजे त्यालाही परवानगी लागते. पण 'आधी पकडायचा प्रयत्न करा, जमत नसेल तरच मारा' ही अट अनुसूची १ मधल्या प्राण्यांसाठी आहे, डुकरासाठी नाही. त्यामुळे सगळा विचार बंदुकीभोवती फिरतो. आणि परवानाधारक बंदूक गावात किती जणांकडे असते, हे तुम्हीच मोजून बघा.

कागदावर वाट आहे, पण ती हाताशी नाही. मग कोणीतरी तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटतं, बिबट्या चिकटतो आणि एखाद्या पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही चिकटतो. नियमाच्या अपयशाची खरी किंमत ही आहे.

माझ्या मते परवानगीच्या कागदावर तीन रकाने वाढवायला हवेत. कळपात किती डुकरं होती, त्यातली किती धरली किंवा मारली, आणि पुढच्या महिन्यात त्याच शिवारात नुकसान किती झालं. दोन हंगाम हे नीट भरलं, तर पिंजरा, झटका मशीन आणि बंदूक यांपैकी कुठे काय चालतं ते आपल्याच आकड्यांवरून कळेल.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रकाने भरू, पण आज रात्री काय?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी बॅटरी घेतली आणि त्यांच्याबरोबर मळ्यात गेले.