साल्मानाझारचा फॉर्मोसा : एका बनावट साक्षीची छाननी

इ. स. १७०४ मध्यें लंडन येथें फॉर्मोसा बेटाचें एक वर्णन छापून प्रसिद्ध झालें. त्याचा कर्ता जॉर्ज साल्मानाझार हा स्वतःस त्या बेटाचा मूळ रहिवासी म्हणवीत असे. वस्तुतः तो यूरोपीय. पूर्वेकडे तो कधींहि गेला नव्हता. तथापि ग्रंथ खपला व पुढील वर्षींच त्याची दुसरी आवृत्ति निघाली. हा प्रकार केवळ हंसून सोडून देण्याजोगा नाहीं. 'मी तेथला आहें' एवढ्या शब्दावर जाणत्यांनीं इतिहास कां स्वीकारला, हा प्रश्न जुने कागद पारखणाऱ्या प्रत्येकानें स्वतःस विचारण्यासारखा आहे.

विरुद्ध पुरावा नव्हता असें नाहीं. फॉर्मोसावर १६२४ पासून १६६२ पर्यंत डचांचा अंमल होता. १६२७ मध्यें तेथें गेलेल्या कँडिडियस या डच मिशनच्या पाद्र्याचें, प्रत्यक्ष पाहून लिहिलेलें वर्णन उपलब्ध होतें. १६८३ मध्यें बेट चीनच्या मांचू बादशाहाच्या हातीं गेलें. साल्मानाझार मात्र तें जपानचें अंकित असल्याचें सांगे व तेथें दरवर्षीं १८,००० मुलांचा बळी पडतो असें लिही. चीनमध्यें राहून आलेल्या फाँतने या जेझुइटानें समक्ष आक्षेप घेतला. परंतु साल्मानाझारच्या ग्रंथांत जेझुइटांची यथेच्छ निंदा होती व इंग्लंडांतील प्रॉटेस्टंट वाचकांस ती गोड लागली. सारांश, साक्ष तपासण्याऐवजीं साक्षीदारांचा पंथ तपासला गेला.

त्यानें एक भाषा व लिपिहि रचली होती. त्याच्या मृत्यूनंतर, १७६४ मध्यें, निघालेल्या आत्मवृत्तांत अशी हकीकत आहे कीं, इन्स नामक पाद्र्यानें त्याच्याकडून सिसरोच्या एकाच उताऱ्याचें त्या भाषेंत दोनदां भाषांतर करविलें. दोहोंत सुमारें निम्मे शब्द निराळे पडले. कसोटी उत्तम होती. पण इन्सनें लबाडी उघडकीस न आणतां तिचा स्वतःच्या लाभाकडे उपयोग केला.

येथें एक इशारा अवश्य आहे. हें आत्मवृत्त पश्चात्तापाचें असल्यामुळें कित्येक लेखक तें अक्षरशः खरें धरतात. आम्हांस तें मान्य नाहीं. ज्यानें आपलें खरें नांव त्या ग्रंथांतहि उघड केलें नाहीं, त्याची कबुलीहि साक्षच होय. तिसऱ्याच्या लेखाशीं मिळेल तेवढीच ती घ्यावी.

याउलट खऱ्या फॉर्मोसी लोकांचे कागद पहावे. डच मिशनऱ्यांनीं शिकविलेल्या रोमन लिपींत, डच निघून गेल्यावरहि, सिंकान येथील व आसपासच्या गांवचे लोक आपल्या भाषेंत जमिनीचे करार लिहीत राहिले. कांहीं करार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचे आहेत. मुराकामी नाओजिरो यांनीं ते १९३३ मध्यें छापून प्रसिद्ध केले. त्यांत आपण कोण आहों हें पटवून देण्याची खटपट कोणीहि करीत नाहीं. जमीन कोणी, कोणास दिली, एवढाच मजकूर. आणि त्यांतच लिहिणाऱ्याची ओळख आपोआप सिद्ध होते.

बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद जाणणाऱ्या आमच्या वाचकांस याचें मर्म सहज ध्यानीं येईल. वसाहतींचा इतिहास लिहितांना तेथल्या माणसाचा शब्द अवश्य पाहिजे. परंतु तो शब्द त्याचाच आहे काय, हें आधीं ठरविलें पाहिजे. ज्यांनीं हें केलें नाहीं, त्यांनीं एका भोंदूस मान दिला आणि खऱ्या फॉर्मोसी माणसाची साक्ष मात्र ऐकावयाची ठेवली.