लक्षण आणि लक्ष्य: भातखंडे यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने मानव्यविद्यांचा विचार

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने साहित्य, संगीत, इतिहास यांचाही अभ्यास करावा, ही भूमिका २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मांडली. तिचे समर्थन करताना विज्ञान बुद्धीला शिस्त लावते आणि कला मनाला विसावा देते, असे बहुधा सांगितले जाते. या युक्तिवादात मानव्यविद्यांचा गौरव दिसत असला, तरी ज्ञान म्हणून त्यांचा अधिकार त्यात नाकारलेला असतो. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा मराठी ग्रंथ या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे.

भातखंडे कायद्याचे पदवीधर होते. संस्कृत ग्रंथातील वचन, घराणेदार गायकाची साक्ष आणि प्रत्यक्ष गायन यांची त्यांच्या लेखनात जणू उलटतपासणी चालते. ग्रंथाची रचना गुरुशिष्यांच्या संवादाची आहे. ती केवळ सुबोधतेसाठी स्वीकारलेली नाही. शंका विचारणे हा येथे प्रतिपादनाचाच भाग आहे. जुन्या ग्रंथातील लक्षण आजच्या गायनाशी जुळत नसेल, तर भातखंडे प्रचलित गायनाला, म्हणजे ‘लक्ष्या’ला, महत्त्व देतात. ‘चतुरपंडित’ या नावाने लिहिलेल्या आपल्या संस्कृत ग्रंथाच्या शीर्षकातही त्यांनी ‘लक्ष्यसंगीत’ हाच शब्द योजला आहे.

व्यंकटमखीच्या ७२ मेळांचा अभ्यास करून त्यांनी हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाट निश्चित केले. निरीक्षण, संकलन आणि वर्गीकरण ही विज्ञानाला परिचित असलेली वाट आहे. मात्र याच वाटेवर भूप आणि देशकार हे राग भेटतात. दोहोंत तेच पाच स्वर आहेत; तरी भूप कल्याण थाटातला, देशकार बिलावलातला. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, दुसरा सकाळी. यंत्र कंपनसंख्या मोजील, कोणत्या स्वरावर किती वेळ मुक्काम झाला हेही सांगेल. पण कोणत्या स्वरसंगतीने भूपाचा देशकार होतो, ही ओळख आधी संस्कारित कानाला व्हावी लागते. ती वैयक्तिक आवडनिवड नव्हे. ती शिकवता येते आणि जाणकारांत तिची चर्चा होऊ शकते.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. दोन्ही मध्यम घेणारा ललित दहा थाटांच्या चौकटीत नीट बसत नाही, हा आक्षेप जुना आहे. घराण्यांत मुखपरंपरेने जपलेल्या बंदिशी स्वरलिपीत बांधताना काय हाती लागले आणि काय निसटले, त्या विद्येवर हक्क कोणाचा, हे प्रश्नही उरतात. त्यांची उत्तरे ध्वनिशास्त्र देऊ शकत नाही. ती इतिहासाने आणि समीक्षेनेच शोधावी लागतात.

लखनऊत या चर्चेला दुहेरी आधार आहे. गोमतीच्या दक्षिणेस, कैसरबागेत, भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये सुरू झालेले मॅरिस कॉलेज आज भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. नदीच्या उत्तरेस, महानगरच्या बाजूला, लखनऊ विद्यापीठ आहे. तेथे वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बिरबल साहनी यांनी रोहतकजवळच्या खोकराकोट येथे सापडलेल्या यौधेयांच्या नाण्यांच्या साच्यांचा अभ्यास केला आणि १९४५ मध्ये प्राचीन भारतातील नाणी ओतण्याच्या तंत्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जीवाश्मांचे बारकावे टिपणारी नजर येथे इतिहासाच्या कामी आली.

भातखंडे यांनी कलेच्या प्रांतात पुराव्याची शिस्त आणली. साहनी यांनी विज्ञानाची नजर इतिहासाकडे वळवली. दोघांपैकी कोणीही दुसऱ्या विद्येकडे विरंगुळा म्हणून पाहिले नाही. म्हणून विज्ञानाच्या अभ्यासक्रमात संगीत वा साहित्य ठेवायचे, तर केवळ रसास्वादाचे दोन-चार तास पुरेसे नाहीत. साक्ष कशी तपासावी, नियम आणि अपवाद यांचा मेळ कसा घालावा, आपला निर्णय दुसऱ्यापुढे कसा मांडावा, हे तेथे शिकवले गेले पाहिजे. तसे न झाल्यास मानव्यविद्यांना अभ्यासक्रमात जागा मिळेल, पण त्यांचा ज्ञानविषयक अधिकार मिळणार नाही.