रुपये अमुक फक्त

रोबेर द्वानो यांनी १९५८ साली पॅरिसच्या एका कॅफेत, परवानगी घेऊन, एक फोटो टिपला. समोर वाइनचे पेले. प्रौढ गृहस्थ शेजारच्या तरुणीकडे बघतोय, ती खाली बघतेय. बाकीची गोष्ट आपण रचायची. फोटोची सगळी गंमत त्या मोकळ्या जागेत!

पण मोकळी जागा म्हणजे सही केलेला कोरा चेक. दारूबंदीवाल्यांनी तो आपल्या प्रचारात वटवला, एका सवंग पत्राने तर वेश्याव्यवसायाच्या मथळ्याखाली! गृहस्थ कोर्टात गेला. पत्राला दंड झाला, द्वानो सुटले.

आम्ही बँकवाले म्हणूनच रकमेपुढे ‘फक्त’ लिहायला लावतो. या फोटोखालीही हवं होतं : दोन माणसं, थोडी वाइन, फक्त.